पान हातात असेल तर

डुआला, ११ फेब्रुवारी २०१८

प्रिय ताई,

हे पत्र पा एव्हारिस्टसच्या हाती देतेय. बस अजून तेच चालवतात. केस पिकले, पण तोंडाचा पट्टा तसाच. फोनवर का नाही बोलत म्हणून फणकारू नकोस. नाक्यानाक्यावर फोन उघडून वाचतात म्हणे. जंगलातली पोरंही वाचतात आणि सरकारचे बंदूकवालेही. त्यापेक्षा घेवड्याच्या पोत्यात खुपसलेला कागद बरा.

माझं अक्षर बघून नाक मुरडशील. मदर वाल्बुर्गांनी पट्टीने बोटं सुजवली तरी माझं अक्षर ते कोंबडीचे पायच राहिले. तुझं मात्र त्यांच्यासारखंच झालं, उजवीकडे झुकलेलं, शेवटच्या अक्षराचं शेपूट वर वळवलेलं. आता तर तुझ्या हाताखाली शिकून अख्ख्या वेलुमची पोरं तसंच लिहितात. त्या गावातून आलेलं कुठलंही पाकीट बघितलं की मला वाटतं तुझंच आलं.

मुद्द्यावर येते. माझी लेक मला परत पाठव.

मीच तिला तुझ्याकडे धाडली, कबूल आहे. इथे फ्रेंच शाळेत येन्लाला मागच्या बाकावर बसवायचे, गावंढळ म्हणून चिडवायचे, आणि पोरगी घरी येऊन गप्प बसायची. तुझ्याकडे गेल्यावर तिला वाचा फुटली. उपकार आहेत तुझे. पण बाजारात आपल्याकडच्या बायका येतात त्या काय काय सांगतात! शाळा जाळतात, मास्तरांना उचलून नेतात, दप्तर पाठीवर दिसलं की पोराला रस्त्यात अडवतात. माझा जीव टांगणीला लागलाय. शिवणाच्या मशीनवर बसते आणि सुई बोटात घुसवून घेते.

तिची बॅग भर आणि पा एव्हारिस्टसच्या बसमध्ये बसव. सहावीची परीक्षा गेली खड्ड्यात.

तुझी,
ओडिलिया


वेलुम, २ मार्च २०१८

प्रिय ओडिलिया,

तुझं पत्र पोचलं. घेवडाही पोचला, थोडा ओला होता. तुझ्या पत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायचा मोह आवरला, कारण तू रडत लिहिलंयस हे कागदावर दिसत होतं.

बाजारातल्या बायकांचं किती ऐकायचं ते तू ठरव. इथे शाळा चालू आहे. गाजावाजा करत नाही इतकंच. मुलं गणवेश घालत नाहीत. घरून निघताना खांद्यावर कुदळ आणि डोक्यावर टोपली घेतात, शेतावर चालल्यासारखी. वह्या टोपलीच्या तळाशी, वर पालेभाजी. शेताच्या वाटेने वर येतात, मागच्या दाराने आत शिरतात. घंटा वाजवत नाही. मी दोरीवर निळं फडकं वाळत घातलं की समजायचं, आज वर्ग आहे. पोरांना याची मजा वाटते. मला वाटत नाही, पण मजेत शिकलेलं डोक्यात राहतं.

लुकोंग आठवतो तुला? पेरू चोरायचा तो. शाळेची घंटा वाजवायचं काम मी त्याला दिलं होतं, हात रिकामे राहू नयेत म्हणून. आता तो वेगळा देश मागणाऱ्या, त्यासाठी शाळा बंद पाडणाऱ्या जंगलातल्या पोरांचा या भागातला म्होरक्या आहे, स्वतःला जनरल म्हणवतो. जानेवारीत त्याने शाळेच्या दारावर कागद चिकटवला, "शाळा बंद ठेवा, नाहीतर परिणामांना तयार राहा." इतकं नेटकं अक्षर, ओडिलिया! एकही चूक नाही. हसू की रडू कळेना. माझंच अक्षर मला धमकी देत होतं.

त्याला मी ओळखते. माझ्या हातचं खाऊन वाढलेलं पोर आहे. काळजी करू नकोस.

येन्लाचं म्हणशील तर तिचा गणितात हात धरणारं इथे कुणी नाही. परीक्षा पास झाली तर खाली आमच्या सिस्टरांच्या मोठ्या शाळेत तिला जागा पक्की आहे. मे महिना अखेर परीक्षा. तोवर थांब. मग मी स्वतः तिला घेऊन येईन.

तुझी,
ताई (सिस्टर एमेरेन्शिया)


वेलुम, ९ मार्च

आई,

हे मी मावशीला न सांगता लिहितेय. पा एव्हारिस्टस म्हणाले गुपचूप देतो.

मावशी तुला सगळं सांगत नाही. आम्हाला म्हणते खोटं बोलू नये, आणि स्वतः मात्र अर्धंच सांगते.

व्हिन्सेंट मास्तरांना जंगलात नेलं होतं. परत आले तेव्हा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. आता ते शिकवत नाहीत, घराबाहेर ओट्यावर बसून असतात. आम्ही गेलो की हात मांडीखाली लपवतात.

आणि जनरल लुकोंग शाळेत आला होता! भर दुपारी, व्याकरणाच्या तासाला. बरोबर आणखी तिघं होते, ते दारात उभे राहिले. तो आत येऊन पहिल्या बाकावर बसला, माझ्या शेजारी. बंदूक मांडीवर ठेवली. सगळ्यांची पाचावर धारण बसली. मावशी खडू हातात धरून म्हणाली, "उशीर झालाय तुला लुकोंग, पण बस." तो हसला. मला म्हणाला, "वही दाखव." वही चाळली आणि म्हणाला, "अक्षर छान आहे. माझ्यासारखं." मग उठून मावशीला म्हणाला, "सिस्टर, परीक्षेच्या दिवशी मला रस्त्यावर एक पोर दिसता कामा नये. एकही नाही." मावशी म्हणाली, "तू मला माझ्या वर्गात हुकूम देतोस?" तो म्हणाला, "हुकूम समजा, विनंती समजा, पण बाहेर पडू नका." असं दोनदा म्हणाला.

जाताना त्याने घंटेच्या आतला लोखंडी लोलक काढून नेला. घंटा आता मुकी आहे.

आई, मला भीती वाटते. पण मला परीक्षा द्यायची आहे. मला न्यायला माणूस पाठवू नकोस.

तुझी,
येन्ला


डुआला, २३ मार्च

ताई,

मला सगळं कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस आणि त्या पोरीला रागावू नकोस.

नन झालीस म्हणून तुला खोटं बोलायला मुभा आहे का? बंदूक घेऊन माणूस माझ्या लेकीच्या बाकावर बसतो आणि तू मला ओल्या घेवड्याच्या गोष्टी सांगतेस! म्हणे मजेत शिकलेलं डोक्यात राहतं! व्हिन्सेंट मास्तरांच्या हाताचं काय? तेही डोक्यात राहील तिच्या.

तुझी शाळा मोठी, मला मान्य आहे. सिस्टरांनी आपल्याला वाढवलं. मी सहावीपर्यंतच गेले, पण तेवढ्यावर आज माझं दुकान आहे. गल्लीतल्या बायका माझ्याकडून अर्ज लिहून घेतात, पोलीस येतात तेव्हा कागदावर काय छापलंय ते मी वाचून सांगते. सहावीने मला उभं केलं, हे मी कुणापुढेही म्हणेन. पण मी शिकले तेव्हा कुणी माझी बोटं कापायला टपलेलं नव्हतं.

त्या लुकोंगला तू ओळखत होतीस. आता ओळखत नाहीस. तू ओळखतेस ते पेरू चोरणारं पोर.

पा एव्हारिस्टस पुढच्या खेपेला थेट शाळेपर्यंत येतील. येन्लाला बसव. नाही बसवलीस तर मी स्वतः येईन आणि मग वर्गातच आपलं भांडण होईल, पोरांसमोर. माझं तोंड तुला माहीत आहे.

ओडिलिया


वेलुम, १३ मे

ओडिलिया,

पा एव्हारिस्टस आले होते, हे तुला कळलंच असेल. येन्ला बसली नाही. मी तिची बॅग भरली होती, शपथेवर सांगते. ती चर्चमध्ये जाऊन बाक धरून बसली. मी ओढलं, त्यांनी ओढलं. शेवटी ते म्हणाले, "सिस्टर, ही तुमचीच भाची आहे," आणि बस घेऊन गेले. त्यानंतर जंगलातल्या पोरांनी रस्ता खणून ठेवला. आता पायीच काय ते.

तू म्हणतेस मी लपवलं. लपवलं. तू घाबरशील म्हणून, आणि तू घाबरलीस की मी डगमगेन म्हणून. चूक माझी. आता काही लपवत नाही.

परीक्षेचं केंद्र खाली शहरात आहे. पूल ओलांडून जावं लागतं. पुलावर बंदूकवाल्यांचा नाका आहे, पण त्यांची मला चिंता नाही. ते दूरच्या मुलखातले आहेत, आपली भाषा त्यांना येत नाही, पण शाळेची मुलं बघितली की खूश होतात. आम्ही शाळा चालवतो हे त्यांना हवंच आहे. भीती आहे ती अलीकडची, जंगलातल्या पोरांची. आणि त्यावर तोड सापडली आहे.

आपल्या राजाच्या वाड्यातल्या मानाच्या म्हाताऱ्या बायका माझ्याकडे आल्या होत्या. आपली आई असती तर त्यांच्यातच असती. मामा युंगा पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "कुदळी घेऊन चोरासारखं का जायचं? मुलांच्या हातात न्केंग द्या." बघ, मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी आहे आणि हे मला सुचलं नाही. हातात न्केंगचं पान असेल तर त्या माणसाला कुणी अडवत नाही, हात लावत नाही. दोन घराण्यांत रक्त सांडलेलं असलं तरी पान घेऊन येणाऱ्याला वाट मिळते. हे जंगलातल्या पोरांनाही आईच्या दुधाबरोबर मिळालंय.

म्हाताऱ्या स्वतः जंगलाच्या कडेला गेल्या आणि लुकोंगपुढे पान धरलं. तो बराच वेळ घेईना. मामा युंगा सांगत होत्या, त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाला, "आजी, दुसरं काहीही मागा." त्या म्हणाल्या, "आम्ही हेच मागतो." शेवटी त्याने पान घेतलं. पान घेतलं म्हणजे शब्द दिला. आता त्याला मुलांना अडवता येणार नाही.

एकच सांगते. त्याने पान घेतलं तेव्हा तो रडत होता असं मामा युंगा म्हणाल्या. मी म्हटलं, पोराच्या आत अजून माणूस आहे.

मुलांनी हट्ट धरला की जायचं तर गणवेशातच. वर्षभर पेटीत पडलेले निळे गणवेश धुतले, कोळशाच्या इस्त्रीने इस्त्री केले. काहींना आखूड झालेत. येन्लाची बाही मी उसवून लांब केली, तू बघशील तर माझ्या टाक्यांना हसशील. शिवण शिवणाऱ्यानेच करावं असं म्हणून तूच ती शिवून दिली असतीस.

तिला पुलापलीकडे पोचवते, परीक्षेला बसवते, आणि तिथूनच तुझ्याकडे येणाऱ्या बसमध्ये घालते. हा माझा शब्द. मग तू माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई


डुआला, १७ जून

ताई,

परीक्षा होऊन गेली. तीन आठवडे झाले. पा एव्हारिस्टस म्हणतात तिकडची वाट बंद आहे. फोन वाजतो, वाजतो आणि थांबतो. बाजारातल्या बायका मला बघितलं की भलत्याच कशाबद्दल तरी बोलू लागतात. अशा त्या कधीच वागत नाहीत.

मी येन्लासाठी मोठ्या शाळेचा गणवेश बेतून ठेवलाय. अंदाजाने. बाही लांबच ठेवली.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. ऐकतेस ना? अजिबात नाही. एक ओळ लिही. चुका काढ माझ्या पत्रातल्या, लाल पेनाने, सगळ्या काढ.

ओडिलिया


वेलुमच्या बाहेर, २८ जून

ओडिलियाताई,

तुम्ही पाकीट बघून काय समजाल याची मला कल्पना आहे. माफ करा. मला दुसरं अक्षर येत नाही.

मी लुकोंग. येन्ला जिवंत आहे. खांद्याला लागलं होतं, आता जखम सुकतेय. व्हिन्सेंट मास्तरांची बायको तिला सांभाळते. हे पत्र आणि ती, दोघंही पा एव्हारिस्टस घेऊन येतील. नदीपलीकडच्या वाटेने येतील, मी त्यांना वाट दाखवली आहे.

सिस्टर गेल्या.

तुम्हाला काय झालं ते कळलंच पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय कुणाला पुरतं ठाऊक नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री पुलावरच्या नाक्यावर हल्ला करायचं आमच्या वरच्या म्होरक्यांनी ठरवलं होतं. मार्चपासून परीक्षेचा आठवडा ठरलेला होता. म्हणून मी वर्गात जाऊन म्हणालो, बाहेर पडू नका. कारण सांगितलं असतं तर माझं डोकं गेलं असतं. सिस्टरांना वाटलं मी शाळा मोडायला निघालोय. मी शाळा मोडत होतोच, त्यामुळे त्यांना दुसरं काही वाटण्याचं कारण नव्हतं.

म्हाताऱ्यांनी पान आणलं. मी दुसरं काहीही मागा म्हणालो. पण पान समोर धरलं की किती वेळ नाही म्हणणार? माझी आजी त्यांच्यात उभी होती. मी घेतलं.

हल्ला झाला. नाक्यावरचे काही जण मेले. वर गावात त्याचा आवाज पोचला नाही. सकाळी मी वळणावर उभा होतो, एकटा. मुलं डोंगरावरून खाली येत होती. निळे गणवेश, प्रत्येकाच्या हातात हिरवं पान. सिस्टर सगळ्यांच्या पुढे. माझ्याजवळ आल्या तेव्हा मी बंदूक गवतात ठेवली होती. मला म्हणाल्या, "शब्द पाळलास. शाबास." मी म्हणालो, "सिस्टर, मागे फिरा." हल्ल्याचं तेव्हाही तोंडातून निघालं नाही. त्यांनी पान वर धरलं. हसल्या. त्यांना वाटलं मी पुन्हा तेच सुरू केलंय.

ओडिलियाताई, त्या वयस्क होत्या, मी त्यांना उचलून मागे नेलं असतं. मुलांना दटावून पळवून लावलं असतं. दोन गोळ्या आभाळात झाडल्या असत्या तरी सगळी परत गेली असती. पण पान हातात असेल तर अडवायचं नाही. मी घंटेचा लोलक चोरला, मास्तरांच्या हाताचं जे झालं ते होऊ दिलं, शाळेवर धमकी चिकटवली. आणि नेमका तेव्हा मी शहाण्या पोरासारखा वागलो. रस्त्याच्या कडेला सरकलो आणि त्यांना जाऊ दिलं.

पुलावरच्यांना पान ठाऊक नव्हतं. त्यांनी सरकारविरुद्धच्या मोर्च्यांमध्ये लोकांच्या हातात तशीच हिरवी पानं बघितली होती. रात्री त्यांची माणसं मेलेली. त्यांना वाटलं मोर्चा आला. सिस्टर पुढे झाल्या, पान उंच धरून, त्यांच्या भाषेत बोलत. मला इतक्या लांबून शब्द ऐकू आले नाहीत. नंतर मुलं म्हणाली, त्या सांगत होत्या की यांची परीक्षा आहे.

गोळ्या सुटल्या तेव्हा मुलं गटारात आडवी झाली म्हणून वाचली. येन्ला उठून सिस्टरांकडे धावली, तेव्हा तिला लागलं.

सिस्टरांना आम्ही शाळेच्या मागे पुरलं. मामा युंगांनी कबरीवर न्केंग लावलं. मी घंटेचा लोलक परत नेऊन ठेवलाय, पण बसवला नाही. वाजवून कुणाला बोलावू?

माझ्यामागे आता वरचेही लागलेत. तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. मी वाट बघतो.

लुकोंग


डुआला, १५ जुलै

लुकोंग,

येन्ला पोचली. डावा हात वर होत नाही. आल्यापासून मशीनखाली बसून असते. कालपासून मात्र गल्लीतली तिकडून पळून आलेली पोरं तिच्याभोवती जमतात, आणि ती फरशीवर खडूने त्यांना अक्षरं काढून देते. मी दार लोटून घेतलं, कारण इथेही कोण कुठून बघतं सांगता येत नाही. बाहेर दोरीवर निळं कापड वाळत घातलंय. तिनेच सांगितलं घालायला.

तू विचारतोस मी काय म्हणेन. रोज सकाळी उठून तुला शिव्या घालते. मग आठवतं की ताईला मागे फिरा म्हणणारा तू एकटाच होतास, आणि मला दुसऱ्या शिव्या शोधाव्या लागतात. ताईने तुला एकदा दिलेला शब्द पाळायला शिकवलं. तेवढंच शिकवायला नको होतं. असं लिहिताना मला लाज वाटते, पण मला असंच वाटतं, आणि तू ते वाच.

माफी मागू नकोस. माझ्याकडे नाही.

लोलक बसव. कुणी आलं नाही तरी वाजव. आणि एक लक्षात ठेव. ते अक्षर माझ्या ताईचं आहे. त्या अक्षरात पुन्हा कुणाच्या दारावर काही चिकटवलंस, तर कुठल्याही जंगलात असलास तरी मी तिथे येईन.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पाकिटावरचा पत्ता येन्लाने लिहिलाय. अक्षर ओळखशील.

ओडिलिया